हेल्मेटवर कॅमेरा लावण्यापूर्वी आणि लावल्यानंतर

ठाण्यात उपवन तलावाकडून येऊरच्या चढाला लागणारे सायकलस्वार आणि मुंब्र्याच्या कातळावर सराव करणारे आरोहक यांच्यापैकी अनेकांच्या हेल्मेटवर आता काडेपेटीपेक्षा थोडा मोठा कॅमेरा दिसतो. तो घेण्याचा विचार मनात आला की बहुतेक जण दुकानात जाऊन कोणता कॅमेरा घ्यावा, असे विचारतात. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे. आपण डोक्यावर कोणते हेल्मेट घालतो, ते कशासाठी बनवले आहे आणि पडल्यावर त्याचे नेमके काय होते, हा पहिला प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळाले की कॅमेऱ्यांची अर्धी यादी आपोआप गळून पडते.

हेल्मेटचे बाहेरचे कवच गुळगुळीत आणि गोलसर असते, ते केवळ देखणेपणासाठी नव्हे. डोके रस्त्यावर किंवा खडकावर आपटते तेव्हा आतील थर्माकोलसारखा फोम चेपला जातो आणि आघाताची ऊर्जा शोषून घेतो. त्याच वेळी गुळगुळीत कवच पृष्ठभागावरून घसरते, त्यामुळे मान आणि डोके एकदम पिळले जात नाही. मेंदूला होणाऱ्या इजेत सरळ धक्क्याइतकाच या पिळण्याचाही वाटा असतो. त्या गोल कवचावर आपण चार-पाच सेंटिमीटर उंचीचा एक कठीण ठोकळा उभा केला, तर घसरण्याऐवजी तो कशात तरी अडकू शकतो, आणि आपटताना नेमका तोच खाली आला तर आघात मोठ्या क्षेत्रावर पसरण्याऐवजी एका लहान जागी एकवटतो. सायकलच्या हेल्मेटसाठी युरोपातील ईएन १०७८, गिर्यारोहणाच्या हेल्मेटसाठी ईएन १२४९२ आणि आपल्याकडील दुचाकीस्वारांच्या हेल्मेटसाठी आयएस ४१५१ ही मानके आहेत. मात्र हेल्मेटला मिळालेले प्रमाणपत्र आपण नंतर त्यावर चिकटवलेल्या वस्तूसकट मिळालेले नसते, हे लक्षात ठेवावे.

मोटार शर्यतींतील विश्वविजेते मायकेल शूमाकर २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधील मेरिबेल येथे स्कीइंग करताना पडले आणि त्यांचे डोके खडकावर आपटले, तेव्हा त्यांच्या हेल्मेटवर कॅमेरा होता. हेल्मेट फुटले, आणि फुटण्यात कॅमेऱ्याचा काही वाटा होता का, यावर पुढे बरीच चर्चा झाली. त्या चर्चेचा निकाल काहीही असो, आपल्यासारख्या हौशी माणसाने त्यातून एक साधा नियम घ्यायला हरकत नाही : जोराचा हिसका बसला तर कॅमेरा हेल्मेटपासून सुटून गेला पाहिजे. प्लॅस्टिकचा माउंट, म्हणजे कॅमेरा धरून ठेवणारा आधार, तुटला तर थोडे पैसे जातात. तो तुटला नाही तर हिसका मानेला बसतो. म्हणून हेल्मेटला भोक पाडून स्क्रू बसवणे, एपॉक्सीने माउंट कायमचा चिकटवणे, बाजारात मिळणारे धातूचे ‘मजबूत’ माउंट लावणे, हे सगळे प्रकार मी चुकीचे मानतो. भोक पाडलेले हेल्मेट तर कॅमेरा काढून टाकल्यावरही निकामीच समजावे.

अडकण्याचा धोका सर्वांत गंभीरपणे घेतला आहे तो आकाशात खेळणाऱ्यांनी. अमेरिकेतील पॅराशूट संघटना कॅमेरा घेऊन उडी मारण्यापूर्वी किमान २०० उड्यांचा अनुभव असावा, अशी शिफारस करते. छत्रीची दोरी कॅमेऱ्यात गुंतली तर काय होईल, हे त्यांना नेमके ठाऊक आहे, आणि कॅमेऱ्याकडे लक्ष गेल्यामुळे नवशिक्याचे उंचीकडे दुर्लक्ष होते, हेही. ठाणे-नवी मुंबईहून अनेक जण पॅराग्लायडिंगसाठी कामशेतला जातात. पंखाच्या बारीक दोऱ्या डोक्याजवळूनच वर जात असल्यामुळे तेथे हेल्मेटच्या माथ्यावर शिंगासारखा उभा कॅमेरा लावू नये. शिकाऊ उड्डाणात कॅमेरा लावूच नये, आणि प्रशिक्षकासह दुहेरी उड्डाण असेल तर चित्रण त्याच्यावर सोपवावे.

आता जागा ठरवू. कॅमेरा हेल्मेटवर मुख्यतः तीन ठिकाणी बसतो : माथ्यावर, बाजूला आणि, हेल्मेट पूर्ण चेहरा झाकणारे असेल तर, हनुवटीच्या पट्टीवर. माथ्यावरील कॅमेरा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट, असे माझे मत आहे. तो फांद्यांत अडकतो, त्याचे वजन मानेपासून सर्वांत दूर असते, आणि चित्रही उंचावरून घेतल्यासारखे सपाट येते. ज्या उतारावर आपले हात थरथरले होते तो घरी पडद्यावर पाहिला की एखाद्या बागेतील पायवाटेसारखा दिसतो. बाजूला लावलेला कॅमेरा थोडा खाली असतो, परंतु डोके एका अंगाला ओढले जाते आणि चित्राच्या कडेला हेल्मेटची कड येत राहते. हनुवटीवरील कॅमेरा डोळ्यांच्या जवळ असतो, सायकलचे हँडल आणि हात चित्रात येतात, त्यामुळे वेग आणि उतार दोन्ही जाणवतात. डोंगरातील सायकलिंग आणि मोटारसायकल या दोन्हींसाठी चित्राच्या दृष्टीने हीच जागा उत्तम. तेथे कॅमेरा पुष्कळदा उलटा बसवावा लागतो, तेव्हा सेटिंगमध्ये चित्राची दिशा एकदा ठरवून कायम करावी. ती आपोआप बदलत राहिली तर एखाद्या उडीनंतर अख्खी चित्रफीत उलटी मिळते.

चौथी जागा हेल्मेटवर नाहीच. छातीवरील पट्ट्याला लावलेला कॅमेरा डोक्याच्या सुरक्षेत अजिबात हस्तक्षेप करत नाही, आणि अर्धे, म्हणजे चेहरा उघडा ठेवणारे, हेल्मेट वापरणाऱ्या सायकलस्वारासाठी मी तोच सुचवतो. कुठे पाहिले ते त्यात दिसत नाही, ही त्याची मर्यादा आहे. सायकलवर पुढे झुकल्यावर तो केवळ पुढचे चाक टिपतो, म्हणून त्याचा कोन बराच वर ठेवावा लागतो. रॅपलिंग करताना मात्र छातीवर कॅमेरा नको, कारण दोर, डिसेंडर (दोरावरून उतरण्याचे साधन) आणि कॅराबिनर (धातूची कडी) यांची सगळी हालचाल छाती-पोटासमोरच चालते. कातळावर हेल्मेटच्या पुढच्या भागावर, पट्ट्याने बांधलेला आणि शक्य तितका हलका कॅमेरा बरा. तोही लांब केस, दोर आणि बिलेच्या, म्हणजे दोराने आरोहकाला सांभाळण्याच्या, साधनांपासून दूर राहील असा.

गिर्यारोहणाच्या हेल्मेटबद्दल एक सूचना. त्यांच्या माहितीपत्रकांत रंग, द्रावक, चिकटद्रव्य किंवा स्टिकर लावू नये, असे सहसा लिहिलेले असते, कारण काही रसायनांनी प्लॅस्टिकचे कवच न दिसता कमकुवत होते. असे हेल्मेट असेल तर चिकट माउंट विसरावा. ज्या हेल्मेटच्या निर्मात्याची हरकत नाही, त्यावर चिकट माउंट लावताना घाई करू नये : जागा साबणाच्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करावी, वळणदार कवचासाठी वळणदार तळाचाच माउंट घ्यावा, अर्धा मिनिट घट्ट दाबून धरावा आणि त्यानंतर २४ तास त्याला हात लावू नये. जुलै महिन्यात ठाण्यातील घराच्या भिंतीदेखील ओलसर असतात, तेव्हा हे काम पंख्याखाली किंवा वातानुकूलित खोलीत करावे. शनिवारी रात्री अकरा वाजता चिकटवलेला माउंट रविवारी पहाटे सहा वाजता येऊरला टिकतो, असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी काहींचे कॅमेरे अजून तेथील पालापाचोळ्यात असतील. माउंट काढताना केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा मारू नये, आतील फोम उष्णतेने बिघडतो. दात साफ करण्याचा दोरा मागून आरीसारखा हळूहळू ओढला की तो निघतो.

कॅमेरा हरवू नये म्हणून लावायच्या दोरीबद्दल मतभेद आहेत. माझा पहिला कॅमेरा कोलाडला कुंडलिकेच्या तळाशी आहे, तरीही मी जाड दोरीचा पुरस्कार करणार नाही. भिरा येथील जलविद्युत प्रकल्पातून सकाळी सोडलेल्या पाण्यावर तेथील राफ्टिंग चालते, आणि त्या प्रवाहात तराफा उलटला तर हेल्मेटला जाड दोरीने बांधलेली कोणतीही वस्तू खडकात किंवा दोरात गुंतून माणसाला पाण्याखाली धरून ठेवू शकते. दोरी बारीक असावी, हिसक्याने तुटेल इतकी, आणि दहा-बारा सेंटिमीटरपेक्षा लांब नसावी, नाहीतर सुटलेला कॅमेरा तोंडावर आपटतो. कातळावर आणि हवेत ती नकोच.

आता कॅमेरा. या प्रकाराला लोकप्रिय करणारी गोप्रो ही कंपनी निक वूडमन यांनी २००२ मध्ये स्थापन केली, आणि अजूनही आपल्याकडे अनेक जण कोणत्याही अशा कॅमेऱ्याला गोप्रोच म्हणतात. मात्र आज डीजेआय आणि इन्स्टा३६० यांचे कॅमेरेही तितक्याच तोलाचे आहेत. हेल्मेटसाठी निवडताना मी सर्वप्रथम वजन पाहतो. गोप्रो हीरो १२ ब्लॅकचे वजन १५४ ग्रॅम, डीजेआय ऑस्मो अ‍ॅक्शन ४ चे १४५ ग्रॅम, इन्स्टा३६० गो ३एस या अंगठ्याएवढ्या कॅमेऱ्याचे ३९ ग्रॅम आणि सर्व दिशांनी चित्रण करणाऱ्या इन्स्टा३६० एक्स४ चे २०३ ग्रॅम आहे. दीडशे ग्रॅम हातात घेतले तर काहीच वाटत नाही. पण माउंटसह तेच वजन तीन तास डोक्यावर वागवून येऊरच्या दगडाळ वाटेवर खाली उतरा, म्हणजे दुसऱ्या दिवशी मान ते आठवण करून देते. कातळारोहक आणि अर्ध्या हेल्मेटचे सायकलस्वार यांनी चाळीस ग्रॅमच्या गटातील कॅमेऱ्याचा आधी विचार करावा. चित्राचा दर्जा थोडा कमी आणि बॅटरी लहान, हे मान्य करून. पूर्ण चेहऱ्याचे हेल्मेट असणाऱ्यांना मोठा कॅमेरा पेलतो. सर्व दिशांचा कॅमेरा काठीवर सुरेख, परंतु हेल्मेटवर त्याची उंची मला पटत नाही, आणि त्याच्या दोन फुगीर लेन्सपैकी एकीला ओरखडा पडला की पश्चात्ताप मोठा असतो.

दुसरा निकष सेन्सर, म्हणजे लेन्समागील प्रकाश टिपणारा भाग. आपल्याकडे हौशी लोकांचे बहुतेक चित्रण पहाटे, दाट झाडीत किंवा पावसाळी ढगांखाली होते, म्हणजे प्रकाश कमी असतो. ऑस्मो अ‍ॅक्शन ४ चा सेन्सर १/१.३ इंचाचा आणि हीरो १२ चा १/१.९ इंचाचा आहे. संख्या उलटी वाचावी लागते, पहिला मोठा आहे, आणि झाडीत तो फरक दिसतो. भर उन्हात उरणच्या बाजूला चित्रण करणाऱ्याला तो जाणवणारही नाही. चित्राच्या बारकाव्याबद्दलच्या ‘५.३के’ की ‘४के’ या वादात मी वेळ घालवणार नाही, कारण चित्रफीत शेवटी मोबाइलवरच पाहिली जाते. पाण्याचा निकष मात्र महत्त्वाचा : हीरो १२ अधिकच्या कवचाशिवाय १० मीटरपर्यंत, तर अ‍ॅक्शन ४ हा १८ मीटरपर्यंत पाण्यात चालतो. धबधब्यासाठी दोन्ही पुरेसे. खरेदीपूर्वी एखादा शनिवार-रविवार भाड्याने घेऊन पाहावा. ठाण्यात आणि वाशीत कॅमेरे भाड्याने मिळतात, आणि आपल्याला मुळात चित्रण आवडते की नाही, हेही तेवढ्यात कळते.

कार्डाच्या बाबतीत हिशेब सोपा आहे. सेकंदाला १०० मेगाबिट या दराने चित्रण केले तर सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी लागतात. १२८ जीबीच्या कार्डावर साधारण पावणेतीन तास बसतात. कार्डावर ‘व्ही’ हे रोमन अक्षर आणि त्यापुढे ३० हा आकडा असावा, म्हणजे ते सेकंदाला किमान ३० एमबी सलग लिहू शकते. स्वस्तात मिळालेले कार्ड बनावट असू शकते, म्हणून पहिल्याच दिवशी घरी ते पूर्ण भरेपर्यंत चित्रण करून सर्व फायली उघडतात का, ते पाहावे. दीडशे ग्रॅमच्या गटातील कॅमेऱ्यांची बॅटरी उच्च दर्जाच्या चित्रणात तास-सव्वा तास टिकते. एक जास्तीची बॅटरी पुरे.

कोन ठरवण्याचे काम डोंगरावर करू नये. घरी हेल्मेट घालावे, सायकलवर बसतो तसे झुकावे, पाच-सहा मीटर पुढे जमिनीवर नजर ठेवावी आणि मोबाइलवर कॅमेऱ्याचे चित्र दुसऱ्या कोणाला तरी पाहायला सांगावे. क्षितिज चित्राच्या वरच्या तृतीयांशात आले की स्क्रू घट्ट करावा आणि माउंटच्या सांध्यावर पांढऱ्या मार्करने रेघ मारून ठेवावी. पुढच्या वेळी रेघ जुळवली की झाले. नवशिक्यांचे चित्रण सहसा एकतर आकाशाचे असते, नाहीतर पुढच्या चाकाचे.

सेटिंगमध्ये मी आधी चित्रणाचा दर, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (स्थिर चित्रे) टिपायच्या ते, ठरवतो. भारतातील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे रात्री दिव्यांखाली, बोगद्यात किंवा बंदिस्त आरोहण भिंतीपाशी सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम ठेवल्या तर चित्र लुकलुकते. तेथे कॅमेऱ्यातील लुकलुक टाळण्याच्या पर्यायात ५० हर्ट्झ निवडून २५ किंवा ५० फ्रेम ठेवाव्यात. उन्हात याचा काही प्रश्न नाही. त्यानंतर शटर. चित्र स्थिर करण्याची आजकालची सोय अद्भुत आहे, पण ती कॅमेऱ्याचा हादरा काढते, एकेका फ्रेममध्ये आधीच आलेली अस्पष्टता काढू शकत नाही. झाडीत प्रकाश कमी पडला की कॅमेरा शटर अधिक वेळ उघडे ठेवतो, आणि मग स्थिर चित्रात दगड-पाने थरथरून फिसकटल्यासारखी दिसतात. उपाय असा की शटरचा काळ सेकंदाच्या १/२०० च्या आसपास बांधून ठेवावा आणि आयएसओची, म्हणजे प्रकाशाबद्दलच्या संवेदनशीलतेची, कमाल मर्यादा १६०० पर्यंत वाढू द्यावी. चित्रात थोडे दाणे येतील. ते चालतात. प्रकाश रोखणारे काळे फिल्टर मात्र सुरुवातीला मुळीच विकत घेऊ नयेत, आपल्या झाडीत ते याच्या नेमके उलटे काम करतात.

उन्हाळ्यात निराळी अडचण. मे महिन्यात पारसिकच्या उघड्या डोंगरावर, वारा नसताना, थांबलेल्या स्थितीत उच्च दर्जाचे चित्रण चालू ठेवले तर कॅमेरा तापून बंद पडतो. चालत्या सायकलवर वारा त्याला थंड ठेवतो. थांबलो की चित्रणही थांबवावे.

पावसाळ्यात काचेवरचे थेंब आणि आतील वाफ असे दोन शत्रू असतात, आणि लोक त्यांची गल्लत करतात. थेंबांवर स्वच्छ लेन्सवर जीभ फिरवून लाळेचा पातळ थर देणे हा जुना, ओंगळ आणि उपयोगी उपाय आहे. पाणी थेंबांत न राहता पसरते. वाफेचे कारण वेगळे. विहीगावच्या धबधब्यापाशी आपण बॅटरी बदलायला कॅमेऱ्याचे दार उघडतो, तेव्हा तेथील दमट हवा आत कोंडली जाते. नंतर आतला भाग चालून तापतो, बाहेरून थंड पाणी लेन्सवर पडते, आणि कोंडलेली वाफ काचेच्या आतल्या बाजूला जमते. तिला कितीही पुसले तरी ती जात नाही. म्हणून बॅटरी आणि कार्ड घरीच, कोरड्या खोलीत बसवावे, दाराच्या रबरी कडेवर केस किंवा वाळूचा कण नाही हे पाहावे, कुलूप लागल्याचा आवाज ऐकावा, आणि धबधब्यापाशी दार उघडू नये. एका बॅटरीत जेवढे होईल तेवढेच चित्रण करावे. पाण्याने बिघडलेल्या कॅमेऱ्यांमागे पुष्कळदा नीट न लागलेले दारच असते.

कुठे चित्रण करावे, हेही ठरलेले असावे. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि वनखात्याच्या नाक्यापलीकडील नियम सायकलस्वारालाही लागू होतात. टेकडीवर हवाई दलाचे केंद्र असल्याने त्याच्या परिसरात कॅमेरा बंदच ठेवावा. हेल्मेटवरील कॅमेरा चालू आहे की नाही, हे समोरच्याला कळत नाही, म्हणून पाड्यांतून जाताना तो बंद करणे हा साधा शिष्टाचार आहे. खारघरच्या पांडवकड्यासारख्या धबधब्यांवर पावसाळ्यात प्रवेशबंदी असते. तेथे जाऊन केलेले चित्रण म्हणजे स्वतःविरुद्ध तयार केलेला पुरावा. रस्त्यावरील मोटारसायकलस्वारांनी हेही जाणून असावे की, केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्यांवर कारवाईची भूमिका घेतली होती. पाम बीच मार्गावर चित्रण करायचेच असेल तर कॅमेरा हँडलवर किंवा टाकीवर लावावा.

उतरणीच्या तोंडाशी पोहोचल्यावर क्रम असा ठेवावा : थांबावे, चित्रण सुरू करावे, ‘टिक’ असा आवाज किंवा लाल दिवा सोबत्याकडून तपासून घ्यावा, एक मिनिट काहीच करू नये, आणि मग निघावे. हा एक मिनिट मी मुद्दाम सांगतो. कॅमेरा सुरू होताच माणूस एरवी टाळली असती ती उडी घेऊन पाहतो, हे मी स्वतःच्या बाबतीतही पाहिले आहे. मिनिटभरात तो भर ओसरतो. मध्येच चालू आहे का म्हणून एका हाताने कॅमेरा चाचपू नये.

घरी परतल्यावर कॅमेरा आधी बंद दारासकटच नळाच्या गोड्या पाण्याखाली धुवावा, पुसावा, बाहेरून पूर्ण सुकू द्यावा आणि त्यानंतरच दार उघडून बॅटरी व कार्ड काढावे. फायली दोन ठिकाणी उतरवल्याची खात्री झाल्यावर कार्ड संगणकात नव्हे, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. पुड्या महिन्याभराने बदलाव्यात. शेवटी हेल्मेट उजेडात धरून माउंटभोवती कवचाला केसासारखी चीर किंवा पांढरट रेघ दिसते का, आणि चिकट तळाची एखादी कड उचलली आहे का, ते बोटाने तपासावे. कड उचलली असेल तर नवा माउंट लावावा, जुन्यावर गोंद टाकू नये. चीर असेल, किंवा कॅमेऱ्यावर जोराचा आघात झाला असेल, तर हेल्मेटच बदलावे.